गावकूस आणि पेठ क्रमांक : पिंपरी-चिंचवड ते चाकण



आजचा विषय नगररचनेचा आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा, म्हणून सुरुवातीलाच थोडा खुलासा करतो. एफएसआयची गणितं मी सांगणार नाही. ती सांगणारे जाणते लोक आहेत. मला एक जुनाच प्रश्न मांडायचा आहे. वस्ती वसवताना 'आपली माणसं' कोण, हे कोण ठरवतं आणि कशावरून? पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात गेल्या पंचाहत्तर वर्षांत या प्रश्नाला चार वेगवेगळी उत्तरं दिली गेली. चारही उत्तरं आजही जमिनीवर उभी आहेत. सकाळी घरून निघालात तर संध्याकाळपर्यंत बघून होतील.

गावकूस हीसुद्धा नगररचनाच

आपल्याकडे एक समज आहे, की नगररचना ही साहेबानं आणलेली गोष्ट, त्याआधी गावं आपोआप वाढायची. तसं नाही. मराठी मुलखातलं जुनं गाव फार काटेकोर आखलेलं असे. पेरायची ती काळी, राहायची ती पांढरी. पांढरीला कूस. पाणवठे ठरलेले, वाटा ठरलेल्या, आणि कुसाबाहेर कोण राहणार हेही ठरलेलं. बहुधा पाण्याच्या उताराच्या अंगाला ती वस्ती असायची. म्हणजे माणसाची पायरी नकाशावर लिहिलेली होती. नकाशा कागदावर नव्हता, एवढंच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यावर जी कठोर टीका केली, ती या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. गाव हा राज्यघटनेचा पाया करा, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी ठाम नकार दिला आणि व्यक्ती हा पाया मानला. सहा वर्षांनी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, त्यांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. म्हणजे आपण ज्या पट्ट्याबद्दल बोलतोय त्याच्या अगदी उंबरठ्यावर. योगायोग असा, की त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. शहराकडे येणाऱ्या माणसाला पगार हवा होता हे खरंच. पण त्याच्या मागं कूस राहिलेली होती, आणि ती ओलांडून तो आला होता. आता प्रश्न असा, की इथं त्याला काय मिळालं?

पहिलं उत्तर : कँप

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती पिंपरीत झाली. तिला लोक अजूनही 'पिंपरी कँप' म्हणतात. कँप म्हणजे तात्पुरती सोय. या लोकांकडे जमीन नव्हती, भाषा वेगळी, ओळखीपाळखी नाहीत. पण राहण्याच्या जागेजवळ धंदा करता आला. आणि पुण्याहून येणारा मुंबई रस्ता आणि १८५८ साली पुण्यापर्यंत आलेली रेल्वे दोन्ही हाताशी. त्यातून जी बाजारपेठ उभी राहिली, तिथं आज लग्नाचा बस्ता बांधायला मावळातून आणि खेडमधून माणसं येतात.

अमेरिकेत जेन जेकब्स या बाईंनी १९६१ साली एक पुस्तक लिहून मोठमोठ्या नगररचनाकारांना हेच सुनावलं होतं : घर, दुकान, काम यांची सरमिसळ असलेला गजबजलेला रस्ता हा दोष मानू नका, त्यामुळेच अनोळखी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. बाजारात येणाऱ्याला कुणी जात विचारत नाही, भाव विचारतो. हा समावेश उथळ आहे, मान्य. पण दुसरा काही मिळण्याआधी हाच मिळतो.

दुसरं उत्तर : कारखान्याची कॉलनी

हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं ती उभी राहिली. देशात पेनिसिलीन बनू लागलं ते इथं, १९५५ मध्ये. कारखान्याबरोबर कॉलनी आली : क्वार्टर्स, शाळा, मैदान, झाडं. साहेबाचं आणि कामगाराचं क्वार्टर सारखं नव्हतं, पण मुलं एका शाळेत जात, एका मैदानावर खेळत. पन्नाशीच्या दशकात ही फार मोठी गोष्ट होती. पुढं सुमंत मुळगावकरांनी टेल्कोच्या आवारात झाडं लावली, तळं केलं. यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसाला हिरवं दिसलं पाहिजे, हा विचार त्यामागं होता आणि तो चांगलाच होता.

मग अडचण कुठं आली? हे सगळं सुख गेटच्या आत होतं आणि हजेरीपत्रकाला बांधलेलं होतं. कंपनीनं माणसाला सामावून घेतलं ते कामगार म्हणून. एचए आजारी पडली, पगार थकले, तसं कॉलनीचंही तेज गेलं. नोकरीतून मिळालेलं नागरिकत्व नोकरीबरोबर जातं. जमशेदपूरपासून पिंपरीपर्यंत कंपनीच्या वसाहतींचा हा अनुभव आहे.

तिसरं उत्तर : प्राधिकरण

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-भोसरीचा पट्टा भरत गेला. १९७० मध्ये पिंपरी वाघेरे, चिंचवड, आकुर्डी, भोसरी अशी गावं मिळून नगरपालिका झाली, अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९७१ च्या सुमारास जेमतेम लाखभर लोकवस्ती असलेली ही गावं २०११ च्या जनगणनेत १७ लाखांच्या पुढं गेली. चाळीस वर्षांत सतरापट! एवढा लोंढा पेलण्यासाठी १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. हेतू स्वच्छ होता : कारखान्यांजवळ कामगाराला परवडेल असं घर.

प्राधिकरणानं सेक्टरला मराठी शब्द वापरला 'पेठ'. आता बघा, शब्दात केवढा इतिहास असतो! पुण्यात पेशवाईत पेठ वसवायची म्हणजे शेटे-महाजन नेमायचे, कौल द्यायचा, वसायला येणाऱ्यांना काही वर्षं करात सूट द्यायची. सूट कुणाला? जो अजून आलेला नाही, त्याला. अर्थात त्या पेठांतही जातवार आळ्या होत्या, त्यांना सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही. पण येणाऱ्याला आधी सवलत, मग वसुली, हा क्रम होता. प्राधिकरणाच्या पेठेला नाव गेलं, क्रमांक आला. पेठ क्रमांक २५, २६, २७. आणि क्रमही उलटला : आधी पैसे भरा, मग नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं प्लॉट.

निगडी प्राधिकरणात आज फिरायला जा. रुंद रस्ते, दुतर्फा झाडी, बागा, वाचनालयं. निवृत्त माणसाला सुख वाटावं अशी वस्ती आहे, आणि मी निवृत्त आहे, त्यामुळे मला वाटतंच. तिची टिंगल करणं सोपं आहे, मी करणार नाही. कारण सार्वजनिक जागा नीट आखली तर म्हातारी माणसं घराबाहेर पडतात, मुलं सायकल शिकतात, हे तिथं दिसतं. पण हिशेब पूर्ण मांडायला हवा, आणि त्या हिशेबात दोन माणसं बाहेर राहिली.

पहिला शेतकरी. वाल्हेकरवाडी, रावेत, काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, चिखली, मोशी अशा गावांची जमीन संपादनाखाली आली. भाव सरकारी. काहींचे ताबे घेतले गेले, काहींच्या सातबाऱ्यावर नुसता शेरा चढला आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला. नवी मुंबईत १९८४ च्या जासईच्या आंदोलनानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. तसा परतावा मिळावा म्हणून इथल्या जुन्या खातेदारांना दशकानुदशकं दारं ठोठवावी लागली.

दुसरा कामगार. दुष्काळानं मराठवाड्यातून, नगर-सोलापुरातून आलेला, खानदेशातून, कोकणातून आलेला. छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर, पगार हातावर. योजना त्याच्या नावानं होती, पण प्लॉटचा हप्ता त्याच्या आवाक्याबाहेर.

ही दोन माणसं एकमेकांना भेटली आणि त्यांनी आपलं शहर स्वतःच वसवलं. त्याला आपण गुंठेवारी म्हणतो. ज्याची जमीन जाण्याची भीती आहे तो विकायला उतावीळ, आणि ज्याला घर हवंय तो घ्यायला उतावीळ. एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. स्टँपपेपरवर व्यवहार, आठवडाभरात पत्र्याची खोली. काळेवाडी, थेरगाव, रहाटणीच्या कितीतरी गल्ल्या अशा तयार झाल्या. रस्ता बोळाएवढा, कारण प्रत्येक फूट कुणीतरी घाम गाळून विकत घेतलेला. नकाशावर मात्र तिथं आरक्षण किंवा रस्ता. म्हणून घर 'अनधिकृत'.

हा शब्द नीट ऐका. गावकुसाबाहेरच्या माणसाला जन्मानं अनधिकृत ठरवलं होतं. इथं कागदानं ठरवलं. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. कागद बदलता येतो, आणि फरक तिथंच पडतो. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं नियमित होण्याची वाट उघडली, २०२१ मध्ये तिची मुदत वाढवली. पण त्या मधल्या काळात दोन पिढ्या नोटिशीच्या सावलीत जगल्या. ज्याला घर पडण्याची धास्ती आहे, तो मुलीच्या लग्नाआधी स्लॅब टाकावा की नाही, हेसुद्धा ठरवू शकत नाही. आपण आज 'वेलबीइंग' हा मोठा शब्द वापरतो. माझ्या मते त्याचा पहिला अर्थ हाच : उद्याचा बेत आखता येणं. जून २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित झालं, त्याचा काही भाग महापालिकेत आणि काही पीएमआरडीएत गेला. पन्नास वर्षांचा प्रयोग संपला.

त्या प्रयोगाच्या अंगणातच एक लहानसं उत्तर सापडतं, आणि त्याच्याकडे फार कमी लोक बघतात. निगडीची पेठ क्रमांक २२ : ओटा स्कीम. ओटा म्हणजे जोतं. कल्पना साधी : झोपडीतल्या कुटुंबाला तयार घर न देता जागा आणि जोतं द्यायचं, भिंती त्यानं ऐपतीप्रमाणे चढवायच्या. बाळकृष्ण दोशींनी ऐंशीच्या दशकात इंदूरजवळ अरण्य वसाहतीत हेच तत्त्व वापरलं, पुढं त्यासाठी आगाखान पुरस्कार मिळाला. अरण्यची जगभर वाहवा झाली; ओटा स्कीमचं नाव बसच्या पाटीवर आहे. तिथं दाटी आहे, अडचणी आहेत. नंतर त्याच पेठेत बांधलेल्या पुनर्वसनाच्या इमारती लष्कराच्या रेड झोनच्या वादात अडकल्या. पण ओट्यावरचा माणूस आपल्या घराचा कर्ता राहिला, ही गोष्ट महत्त्वाची.

आणि जकातीच्या उत्पन्नावर श्रीमंत झालेल्या महापालिकेनं यशवंतराव चव्हाण रुग्णालय उभं केलं. तिथं केसपेपर काढताना तुमचं घर अधिकृत आहे का, असं कुणी विचारत नाही. समावेशाचं याहून चांगलं उदाहरण मला या शहरात माहीत नाही.

चौथं उत्तर : चाकण, म्हणजे उत्तरच नाही

चाकण हे जुनं ठाणं. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग झुंजवला तो इथं. पुढं कांद्या-बटाट्याचा मोठा बाजार. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इथं एमआयडीसीचे टप्पे आले. बजाज आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन, मग महिंद्रा. कारखाने जागतिक दर्जाचे. पण त्यांच्याबरोबर ना एचएसारखी कॉलनी आली, ना प्राधिकरणासारखी पेठ. रेल्वे तर नाहीच.

कारखान्याच्या हद्दीत नियोजन एमआयडीसीचं. चाकण गावात नगरपरिषद. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इथं ग्रामपंचायती, आणि वरून पीएमआरडीए. कामगार एका हद्दीत राबतो, दुसऱ्या हद्दीत झोपतो, तिसऱ्या हद्दीतल्या रस्त्यावर वाहतुकीत अडकतो. तो नक्की कुणाचा? विदर्भ-मराठवाड्यातला आयटीआय झालेला पोरगा असो की बिहार-ओडिशातला, बहुतेक कंत्राटी. राहतो 'कॉट बेसिस'वर. कधीकधी एकाच कॉटवर दिवसपाळीचा झोपून उठतो आणि रात्रपाळीचा येऊन पडतो. खोली कुणाची? ज्याची जमीन कारखान्यात गेली त्या शेतकऱ्याची. पुन्हा तीच दोन माणसं! फक्त काळेवाडीत कामगार गुंठ्याचा मालक तरी झाला. इथं तो अकरा महिन्यांचा भाडेकरू आहे, किंवा तेवढाही करार नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा देशभर असे लोक चालत निघाले. त्यानंतर केंद्रानं परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. म्हणजे भाडेकरू हाही नागरिक आहे, हे धोरणात लिहायला एक महामारी यावी लागली.

मग करायचं काय?

ॲरिस्टॉटलनं नगराचं प्रयोजन नुसतं तगून राहण्यापलीकडं नेलं आणि चांगल्या जगण्याशी जोडलं. पण त्याच्या नगरात गुलाम, स्त्रिया आणि परदेशी कामकरी नागरिक नव्हते. फ्रान्समध्ये आंरी लफेव्र यांनी १९६८ साली 'शहरावरचा हक्क' मांडला तो हीच चूक दुरुस्त करण्यासाठी : शहर ज्यांच्या श्रमानं चालतं, त्यांचा ते घडवण्यात वाटा हवा, मालकी असो वा नसो.

हे तत्त्व चाकणच्या जमिनीवर उतरवायचं तर तीन साध्या गोष्टी सुचतात. एक, कारखान्याला प्लॉट देताना त्याच्या कंत्राटी मनुष्यबळाएवढ्या भाड्याच्या खोल्यांची जागा त्याच नकाशात राखायची. त्या बांधायला आणि चालवायला गावच्या खातेदारालाच पुढं करता येईल, म्हणजे शेतकरीही आत आला. दोन, पाळी सुटण्याच्या वेळी बस, आणि बसथांब्यापासून खोलीपर्यंत दिवे असलेला पदपथ. पिंपरी-चिंचवड आता निगडीत 'हरित सेतू'सारख्या प्रकल्पातून चालणाऱ्याचा विचार करू लागलं आहे. तोच विचार महाळुंग्याच्या रस्त्याला का नको? तीन, हद्द कुणाचीही असो, दवाखाना, रेशन आणि मुलांची शाळा यांसाठी दाद मागायला एकच खिडकी.

यातलं काहीही क्रांतिकारक नाही. निगडीला चूक दुरुस्त करायला पन्नास वर्षं लागली, कारण घरं आधी झाली आणि कायदा मागून आला. चाकणच्या पुढच्या टप्प्यांत अजून मोकळी जमीन आहे, तोवर हे स्वस्तात होईल. जमीन भरली, की प्रत्येक पदपथासाठी कुणाची तरी भिंत पाडावी लागेल, आणि ती भिंत कुणाची असेल हे आजच्या इतिहासावरून तुमच्या लक्षात आलं असेल.

माझं बोलून झालं. आता तुमचे प्रश्न घेतो. चाकणहून कुणी ऐकत असेल तर त्यांचा पहिला.