भरदुपारचा सैतान

भरदुपारी बाराच्या सुमारास विहिरीवर जाऊ नये, चिंचेखाली थांबू नये, ती वेळ वाईट, असे आपल्याकडच्या जुन्या बायका मुलांना बजावीत असत. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांनाही नेमकी हीच वेळ वाईट वाटत असे. मात्र त्यांच्या भोवताली ना विहिरीची गर्दी होती ना चिंचेची सावली. एक मातीची खोली, एक चटई, विणायला खजुराची पाने आणि वर तळपणारा सूर्य एवढाच त्यांचा संसार. त्या खोलीत येऊन मानगुटीवर बसणाऱ्या शत्रूला ते ‘अकेडिया’ म्हणत. ह्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘कशाचीच आस्था न उरणे’. स्तोत्रसंहितेतील एक्याण्णवाव्या स्तोत्रात दुपारी घात करणाऱ्या एका अरिष्टाचा उल्लेख आहे. त्यावरून त्यांनी ह्या शत्रूला ‘भरदुपारचा सैतान’ असे दुसरे नावही दिले होते.

आज लक्ष लागत नाही अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. पुस्तक उघडावे आणि दोन पानांत हात मोबाइलकडे जावा, रोझरीच्या तिसऱ्या रहस्यापाशी खिसा थरथरावा, कार्यालयातील कामाने घरच्या ताटापर्यंत पाठलाग करावा, हे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. भारतात मोबाइलवरील पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्यामुळे हा आजार फार तर तीस वर्षांचा आहे असा आपला समज होतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. ह्या आजाराचे पहिले सविस्तर निदान सोळाशे वर्षांपूर्वीचे आहे, आणि ते करणारा माणूस वाळवंटात जन्मलेला नव्हता. तो राजधानीतून आला होता.

त्याचे नाव एव्हाग्रियस. काळ्या समुद्राच्या दक्षिणेस पोंतस नावाचा प्रांत होता. तेथे सुमारे ३४५ साली त्याचा जन्म झाला. संत बेझिल ह्यांनी त्याला वाचकपदाची दीक्षा दिली आणि नाझियांझसचे संत ग्रेगरी ह्यांनी उपधर्मगुरू केले. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलची धर्मपरिषद भरली तेव्हा हा तरुण तेथे होता. वादविवादात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मानमरातब, विद्वत्ता, थोरामोठ्यांची ऊठबस, सारे काही होते. पुढे एका विवाहित स्त्रीविषयीच्या प्रेमात तो अडकला. त्यातून सुटण्यासाठी त्याने राजधानी सोडली आणि जेरुसलेम गाठले. तेथे तो आजारी पडला असता मेलानिया नावाच्या थोर स्त्रीने त्याला वाळवंटाची वाट दाखविली. ३८३च्या सुमारास तो इजिप्तमध्ये नित्रिया येथे आला. दोन वर्षांनी तो आणखी आत केलिया येथे गेला आणि ३९९ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. केलिया म्हणजे खोल्या. एकमेकांचा आवाज ऐकू येऊ नये एवढ्या अंतरावर विखुरलेल्या खोल्यांची ती वस्ती होती. शनिवार-रविवारी सगळे उपासनेसाठी एकत्र येत, बाकीचे दिवस ज्याचा तो.

गोंगाटापासून दूर गेले की मन आपोआप स्थिरावते असे ज्यांना वाटते, त्यांनी एव्हाग्रियसचे लेखन जरूर पाहावे. शहर सोडून आलेल्या ह्या माणसाला शहर आपल्या डोक्यातच बरोबर आलेले आढळले. तो लिहितो की हा सैतान चौथ्या तासाला, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास हल्ला चढवितो आणि आठव्या तासापर्यंत, दुपारी दोनपर्यंत, माणसाला सोडत नाही. प्रथम सूर्य जागचा हलत नाही असे वाटू लागते. दिवस पन्नास तासांचा भासतो. मग नजर खिडकीकडे वळते. मग पाय खोलीबाहेर पडतात. नवव्या तासाला जेवण असे, त्याला किती अवकाश आहे हे पाहण्यासाठी तपस्वी पुन्हा पुन्हा सूर्याकडे मान वर करतो. कोणी बंधू भेटायला येतो आहे का, म्हणून इकडेतिकडे पाहतो. त्यानंतर हातातल्या कामाचा तिटकारा येतो, ह्या जागेचा वीट येतो. बांधवांमध्ये प्रेमच उरले नाही असे वाटते. कोणी मागे एकदा दुखावलेले असेल तर ते नेमके आता आठवते. दुसरीकडे गेलो तर काम सोपे मिळेल, मिळकत बरी होईल आणि देवाची भक्ती काय, कोठेही करता येते, असा साळसूद विचारही हा सैतानच पुढे करतो! मग आईवडील आठवतात, पूर्वीचे दिवस आठवतात, पुढचे आयुष्य किती लांबलचक आहे हे दिसू लागते.

एव्हाग्रियसने वाचनाविषयी काढलेले चित्र तर हसवणारे आहे. हा रोग जडलेला साधू पुस्तक घेऊन बसतो, जांभया देतो, डोळे चोळतो, हातपाय ताणतो. पुस्तकावरून नजर काढून भिंतीकडे टक लावतो. पुन्हा थोडे वाचतो. मग अजून किती उरले आहे म्हणून पाने मोजतो. लेखनिकाच्या अक्षराला नावे ठेवतो. शेवटी पुस्तक मिटून उशाशी घेतो आणि डुलकी काढतो. दहावीच्या परीक्षेपूर्वी आपल्या मुलांची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ह्यात अनोळखी असे काही सापडू नये.

ह्यावर वाळवंटाने उपाय काय सांगितला? एव्हाग्रियसचा पहिला सल्ला अगदी साधा आहे. त्या घडीला खोली सोडू नये, मग सबब कितीही सयुक्तिक असो. ह्या सैतानाशी झुंज संपली की मागोमाग दुसरा कोणी येत नाही, शांती येते, असे तो स्वानुभवाने सांगतो. शिवाय प्रत्येक कुविचाराला प्रत्युत्तर म्हणून त्याने पवित्र शास्त्रातील जवळजवळ पाचशे वचने निवडून त्यांचा एक ग्रंथच रचला. कामाच्या बाबतीतही त्याने माप ठेवले होते. त्याचे अक्षर सुंदर होते आणि ग्रंथांच्या प्रती करून तो पोट भरीत असे. त्याचा शिष्य पल्लाडियस सांगतो की वर्षभरात जेवढे खाल्ले तेवढ्याच किमतीचे तो लिहीत असे. त्याहून अधिक नाही.

थोर संत अँथनी ह्यांनाही हा त्रास चुकला नाही. वाळवंटातील वडिलांच्या वचनसंग्रहात त्यांची एक गोष्ट आहे. मन भरकटून हैराण झालेल्या अँथनींनी देवाकडे मार्ग मागितला. थोड्या वेळाने बाहेर त्यांना अगदी आपल्यासारखाच एक माणूस दिसला. तो बसून दोरी वळीत होता. मध्येच काम थांबवून उठला, प्रार्थना केली आणि पुन्हा बसून दोरी वळू लागला. तो देवदूत होता. त्याने एवढेच सांगितले की असे कर म्हणजे तू तरशील. ना दिव्य दर्शन, ना गूढ मंत्र! काम आणि प्रार्थना ह्यांची आळीपाळी, आणि दोन्ही आपापल्या वेळी पूर्ण मनाने. मला ही गोष्ट त्यांच्या इतर सर्व चमत्कारकथांहून मोलाची वाटते.

ही सारी विद्या पश्चिमेकडे नेली ती जॉन कॅसियन ह्यांनी. इजिप्तच्या साधूंमध्ये अनेक वर्षे राहून आल्यावर सुमारे ४१५ साली त्यांनी दक्षिण फ्रान्समधील मार्से येथे मठ स्थापन केले. त्यांच्या ग्रंथांत एव्हाग्रियसचा विचार पानोपानी आहे, नाव मात्र एकदाही नाही. ऑरिजेनच्या मतांवरून तेव्हा वाद पेटला होता आणि एव्हाग्रियसचे नाव घेणे सोयीचे नव्हते. पुढे ५५३च्या सुमारास त्याची काही मते धिक्कारली गेली. त्याचे कित्येक ग्रंथ दुसऱ्यांच्या नावावर किंवा सिरियाक व आर्मेनियन भाषांतरांतूनच टिकले. वैद्याचे नाव पुसले गेले आणि औषध मात्र घरोघर पोचले, असा हा प्रकार.

कॅसियन ह्यांनी आब्बा मोझेस ह्यांच्या तोंडी एक उपमा घातली आहे. मन हे पाण्यावर चालणाऱ्या जात्यासारखे आहे. पाणी वाहते आहे तोवर ते फिरतच राहणार, थांबविणे आपल्या हाती नाही. त्यात गहू टाकायचा, जव टाकायचे की पिकातले विषारी निदण, हे मात्र जात्याच्या मालकाने ठरवायचे असते. मन एकाग्र होत नाही म्हणून स्वतःला दूषणे देणाऱ्यांना ह्या उपमेत केवढा दिलासा आहे! कॅसियन आब्बा पॉल नावाच्या एका साधूचीही गोष्ट सांगतात. बाजारपेठ त्याच्यापासून सात दिवसांच्या वाटेवर होती. विणलेला माल तेथवर नेण्याचे भाडे त्याच्या किमतीहून अधिक झाले असते. तरीही तो रोज खजुराची पाने गोळा करून नेमाने विणीत असे. वर्षाअखेरीस गुहा भरली की सगळे जाळून टाकी आणि नव्याने आरंभ करी. आजच्या नफातोट्याच्या हिशेबात हे वेडेपण ठरेल. काम हे केवळ मिळकतीसाठी नसून काम करणाऱ्याला घडविण्यासाठीही असते, हे सांगायला त्याहून परखड उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे ह्या निदानाचे एक दुर्दैव ओढवले. ५९० ते ६०४ ह्या काळात पोपपदी असलेल्या महान ग्रेगरी ह्यांनी कुविचारांची यादी नव्याने मांडली तेव्हा अकेडिया ‘विषादा’त विलीन झाली. नंतरच्या शतकांत ती परतली आणि हळूहळू तिचा अर्थ ‘आळस’ असा रूढ झाला. आपणही धर्मशिक्षणाच्या वर्गात सात प्रमुख पापांतले सातवे पाप ‘आळस’ म्हणूनच पाठ केले. ह्या एका शब्दाने फार घोटाळा केला. आळशी माणूस अंथरुणात सापडतो. अकेडियाने ग्रासलेला माणूस मात्र पुष्कळदा धावपळीत असतो. सकाळी सहाच्या लोकलपासून रात्री अकरापर्यंत ज्याला उसंत नाही, त्याला कोणी आळशी म्हणणार नाही आणि तोही स्वतःला तपासणार नाही.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात मूळ अर्थ पुन्हा नेमका पकडला. देवाच्या सहवासात जो आनंद वाटायला हवा, त्याचेच ओझे वाटणे म्हणजे अकेडिया. तिच्या संततीत ते, ग्रेगरींना अनुसरून, ‘मनाची भटकंती’ मोजतात. ते आणखी म्हणतात की हे पाप शब्बाथ पवित्र पाळण्याच्या आज्ञेविरुद्ध आहे. विश्रांती घेता न येणे हेच ह्या तथाकथित आळसाचे लक्षण!

संत बेनेडिक्ट ह्यांनी, सहाव्या शतकात, ह्या रोगावर तत्त्वज्ञान न सांगता वेळापत्रक लिहिले. त्यांच्या नियमावलीच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात उन्हाळ्याच्या दिवसांत चौथ्या ते सहाव्या तासापर्यंत वाचन नेमलेले आहे. मग भोजन, मग मौन पाळून विश्रांती. म्हणजे सैतानाची वेळ त्यांनी आधीच अडवून ठेवली. विश्रांतीच्या वेळी कोणाला वाचायचे असेल तर इतरांची झोप मोडणार नाही अशा बेताने वाचावे, कारण तेव्हा मोठ्याने वाचण्याची रीत होती. प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी प्रत्येकाला एक ग्रंथ मिळे आणि तो पहिल्या पानापासून ओळीने, काही न गाळता, वाचावा लागे. एकदोन ज्येष्ठ बंधू वाचनाच्या वेळी मठातून फेरी मारीत आणि कोणी अकेडियाने ग्रासलेला बंधू गप्पा छाटीत बसला आहे का, स्वतःबरोबर दुसऱ्याचेही लक्ष उडवतो आहे का, ते पाहत. एकाचे उडालेले लक्ष सर्वांचे नुकसान करते, हे ह्या व्यवस्थेत गृहीत होते.

आणि घंटा? प्रार्थनेचा इशारा होताच हातातले काम तसेच टाकून निघावे, अशी बेनेडिक्टांची आज्ञा आहे. तेव्हा व्यत्यय मठातही होता. मात्र तो सर्वांसाठी एकाच वेळी येई, माणसाला अधिक खोल जागी नेई आणि मग त्याला कामावर परत सोडी. वसईच्या वाचकांना घंटेचे मोल वेगळे सांगायला नको. १७३९ साली वसई मराठ्यांनी जिंकल्यावर येथील चर्चच्या घंटा दूरदूर गेल्या. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात आहे. युरोपात मात्र घंटेचे वेगळेच झाले. इंग्लंडमधील डन्स्टेबलच्या मठात १२८३ साली घड्याळ बसविल्याची नोंद आहे आणि ते यांत्रिक घड्याळांपैकी अगदी आरंभीचे मानले जाते. त्यानंतर शतकभरातच, १३५५ साली, उत्तर फ्रान्समधील एर-सूर-ला-लिस ह्या गावाने विणकरांच्या कामाचे तास वाजविण्यासाठी घंटेचा मनोरा उभारण्याची परवानगी मिळविली. प्रार्थनेला बोलावणारी घंटा माणसाला कामाला जुंपू लागली. आपल्या खिशातल्या घंटेची वंशावळ येथवर पोचते.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. एव्हाग्रियसचे मन भटकले तर त्यातून कोणाचा धंदा होत नव्हता. आज आपल्या भटकंतीवर कंपन्या चालतात. पडद्यावरचा मजकूर कधी संपूच नये अशी रचना बुद्धिमान माणसे पगार घेऊन करतात. म्हणून ‘मन आवर’ एवढे मुलांना सांगून भागत नाही. बेनेडिक्टांनी फेरी मारणारे ज्येष्ठ नेमले होते. आपल्या घरांत जेवणाच्या ताटाशी मोबाइल घेऊन बसणाऱ्यांत ज्येष्ठच पुढे असतात.

१९६४ साली आंतोआन ग्वियोमों ह्या फ्रेंच विद्वानाने केलियाची विस्मृतीत गेलेली जागा नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या कडेला शोधून काढली. एव्हाग्रियसच्या ग्रंथाची संशोधित आवृत्ती पुढे १९७१ साली सिद्ध करणारे संपादकही हेच. फ्रेंच आणि स्विस पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले तेव्हा वाळूखाली दीड हजारांहून अधिक निवासस्थानांच्या खुणा मिळाल्या. कच्च्या विटांच्या भिंती, अंगण, विहीर, आणि प्रार्थनेच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीत एक कोनाडा. काही भिंतींवर रंगविलेले क्रूसही होते. बांधकामे बहुतेक एव्हाग्रियसच्या नंतरची, पण घडण तीच. कालव्याचे पाणी आल्यावर त्या जमिनीचा बराच भाग नांगराखाली गेला. ज्या अंगणांत उभे राहून साधू सूर्य किती कलला ते पाहत, तेथे आता पिके डोलतात.