उत्तरायण आणि संक्रांत

मकरसंक्रांतीस तिळगूळ वाटतांना ‘आज उत्तरायण लागलें’ असें आम्ही सहज म्हणतों. परंतु एखाद्या टेकडीच्या खुणेनें सूर्योदयाचें स्थान रोज पाहिलें, तर सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारासच दक्षिणेकडून मागें फिरलेला आढळतो. पृथ्वीचा अक्ष सुमारें साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळें त्याचा मार्ग वर्षभर असा उत्तर-दक्षिण सरकत असतो.

मग ही तीन आठवड्यांहून अधिक तफावत आली कोठून? वेदांगज्योतिषांत दक्षिणायनाचा आरंभ आश्लेषार्धीं सांगितला आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें लिहिलें कीं, पूर्वी तो तेथें होत असेल, आतां कर्कारंभीं होतो. संशय असल्यास दूरच्या खुणेवरून उदयास्ताचा व छायेचा वेध घ्यावा. वचन आणि आकाश यांत भेद पडतांच त्यानें आकाश प्रमाण मानलें.

त्याच्या काळीं मकरसंक्रांत व उत्तरायण जवळजवळ एकत्र होतीं. परंतु अक्षाची दिशा हळूहळू फिरते, आणि अयनबिंदु सुमारें ७२ वर्षांत एक अंश मागें सरतो. संक्रांत नक्षत्रांशीं बांधलेली राहिली. अयन पुढें तिच्यापासून दुरावलें.

१९५७ सालीं स्वीकारलेल्या भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेंत सौर पौष २२ डिसेंबरला सुरू होतो, म्हणजे तेथें गणित पुन्हां सूर्याशीं जुळविलें आहे. संक्रांतीचा सण आपल्या दिवशीं सुखेनैव व्हावा. तो हलविण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. मात्र पूर्वजांचा अभिमान बाळगावयाचा, तर त्यांच्या निष्कर्षाइतकीच त्यांची पाहण्याची संवयही जतन केली पाहिजे.