गुप्त प्रसूतीची नोंद व संशोधकाची मर्यादा

एकोणिसाव्या शतकांतील निराश्रित विधवांच्या इतिहासाचीं साधनें पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. ज्यांस वेळीं आसरा मिळाला नाहीं, त्यांचीं नांवें मागें राहिलीं. ज्यांस मिळाला, त्यांची बहुधा संख्याच राहिली. हा भेद आकस्मिक नव्हे.

जोतीराव फुले यांनीं ता. ४ डिसेंबर १८८४ च्या पत्रांत काशीबाई नामक ब्राह्मण विधवेची हकीकत दिली आहे. तिनें लोकलज्जेस्तव अपत्य मारून विहिरींत टाकिलें व जन्मठेपेची शिक्षा होऊन ती अंदमानांत गेली. सुरतेच्या विजयालक्ष्मीचा १८८१ सालचा खटलाहि अशाच अपराधाचा. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा १८८२ सालचा निबंध त्याच प्रसंगानें लिहिला गेला. दोघींचीं नांवें खटल्यांमुळें सर्वतोमुखीं झालीं.

याउलट, फुले दांपत्यानें १८६३ त पुण्यास काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहांत तोंवर सुमारें ३५ विधवा प्रसूत झाल्या, एवढेंच त्या पत्रावरून कळतें. गृहाची जाहिरात भिंतींवर लागे. येणारी मात्र अनाम राही. गुप्ततेची हमी हाच त्या गृहाचा पाया होता. ती नसती, तर दार उघडें असूनहि आंत कोणी आलें नसतें.

ह्यावरून सर्व नोंदी झांकाव्या असें मात्र ठरत नाहीं. शाहू छत्रपतींनीं १९१७ त कोल्हापूर संस्थानांत पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला, तेव्हां नोंद उघड असण्यांतच विधवेचें हित होतें. सारांश, नोंद कोणाच्या रक्षणार्थ केली, हें आधीं पाहावें.

बालकांची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमानें मनाई आहे. व्यक्तिगत माहितीविषयींच्या २०२३ च्या अधिनियमांत मात्र संशोधनास व दप्तररक्षणास अटींवर सवलत ठेविली आहे. म्हणजे मर्यादेचा बराचसा भार संशोधकाच्या विवेकावर येतो.

शाहू छत्रपतींनीं जनकपित्याच्या नांवें वसविलेल्या जयसिंगपुरासारख्या शतकभराच्या पेठेंत आजीच्या नोंदीवरून नातवाचें घर सहज ओळखूं येईल. केवळ नांव गाळून भागत नाहीं. जात, वय, साल व गांव एकत्र आलीं कीं नांव आपोआप उघड होतें. म्हणून आश्रमांचीं दप्तरें जतन करावीं, संख्या व कारणें प्रसिद्ध करावीं, परंतु ओळखीच्या खुणा छापूं नयेत. ज्या वचनावर विसंबून ती स्त्री आली, तें तिच्या मृत्यूनें संपत नाहीं.