राखणीचा कुत्रा घरी येतो तेव्हा

इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास, वयाची ऐंशी वर्षे भरत आली असता, व्हारो या रोमन पंडिताने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात मेंढवाड्याच्या कुत्र्यांना वाहिलेले एक सबंध प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणात एक हकीकत आहे. अमिटेर्नुम गावच्या औफिडिउस पोन्टियानुस नावाच्या गृहस्थाने अम्ब्रिया प्रांताच्या दूरच्या टोकाला जाऊन मेंढ्यांचे कळप खरेदी केले. सौद्यात कुत्रे धरलेले होते, मेंढपाळ मात्र नव्हते. मेंढपाळांनी एवढेच करावयाचे, की कळप दक्षिणेकडील मेटापोन्टुमच्या कुरणांपर्यंत आणि हेराक्लेआच्या बाजारापर्यंत पोचवून द्यावयाचे. ती माणसे आपले काम उरकून घरी परतली. पुढे थोड्याच दिवसांत ते कुत्रेही नाहीसे झाले. आणि मधली कित्येक दिवसांची वाट, रानात मिळेल त्यावर पोट भरीत, आपली आपण तुडवून अम्ब्रियातल्या जुन्या माणसांपाशी जाऊन हजर झाले! सासेर्ना नावाच्या आणखी जुन्या ग्रंथकाराने, कुत्र्याला आपल्या मागे यावयास लावायचे असेल तर त्याच्यापुढे शिजवलेला बेडूक टाकावा, असा तोडगा सांगून ठेवला होता. या मेंढपाळांपैकी कोणीही बेडूक शिजवला नव्हता, असे व्हारो मिस्कीलपणे नमूद करतो.

श्रोतेहो, वयात आलेला राखणीचा कुत्रा आणून त्याला घरचा करू पाहणाऱ्या माणसापुढे आज जी अडचण उभी राहते, ती दोन हजार वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने लिहिली गेली आहे. पोन्टियानुसाने पैसे मोजून मेंढ्या घेतल्या, कुत्र्यांची शरीरेही घेतली. त्यांची ओढ मात्र त्याला विकत मिळाली नाही. व्हारोचा निष्कर्ष असा, की या जनावराला सवय फार लवकर जडते, आणि मेंढपाळाशी जडलेली सवय मेंढ्यांशी जडलेल्या सवयीहूनही बळकट असते. म्हणून खाटकाचा किंवा शिकाऱ्याचा कुत्रा घेऊ नये, असे तो बजावतो. खाटकाचा कुत्रा आळशी, तो कळपामागे चालणार नाही. शिकाऱ्याचा कुत्रा ससा दिसला, की मेंढ्या सोडून धावेल. बेळगाव-विजापूर भागातील ज्या मंडळींनी मुधोळचे कुत्रे पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगावयास नको. मुधोळचा कुत्रा पाठलागाचा धनी. राखणीचा कुत्रा जागेचा आणि सोबतीचा धनी.

या धंद्याची साधनेही व्हारोने वर्णिली आहेत. कुत्र्याच्या गळ्यात चामड्याचा जाड पट्टा असावा, त्यातून लोखंडी खिळे बाहेर काढलेले असावेत, आणि खिळ्यांच्या डोक्यांखाली मऊ कातडे शिवावे, म्हणजे लोखंड कुत्र्याच्याच मानेला बोचणार नाही. पुढच्या शतकातील कोलुमेला याने मेंढवाड्याचा कुत्रा आणि वाड्याच्या दाराशी बांधावयाचा कुत्रा असे दोन वेगळे धंदे मानले. पहिला पांढरा हवा, म्हणजे पहाटेच्या अंधूक उजेडात लांडगा समजून त्याच्यावरच घाव पडणार नाही. दुसरा काळा हवा, म्हणजे चोराला भय वाटेल. दाराशी बांधावयाच्या कुत्र्याबद्दल तो आणखी एक अट घालतो. फार गरीब असेल तर तो चोरापुढेही शेपूट हलवील. फार क्रूर असेल तर घरच्यांवरच तुटून पडेल. मेंढवाड्याचे जनावर दारात आणून बांधले की काय होते, याची जाणीव त्या काळी होती, असे यावरून दिसते.

आपल्याकडे हा कुत्रा परका नाही. पावसाळा सरला, की माण, खटाव, फलटणकडील धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात. रात्री शेतात वाघर लावून मेंढ्या आत कोंडतात, आणि वाघरीबाहेर कुत्रे पडून असतात. खंडोबाच्या पायाशी कुत्र्याला जागा आहे. ज्या मल्हारराव होळकरांच्या नावाने इंदूरचे राज्य उभे राहिले, ते नीरा नदीकाठच्या होळ गावच्या धनगराचे पुत्र. तेव्हा मेंढ्या, लांडगा आणि कुत्रा हे त्रिकूट इंदूरकरांना तरी दूरचे वाटू नये. धनगराच्या कुत्र्याला कोणी ‘बस’, ‘ऊठ’ शिकवीत नाही. त्याचे शिक्षण कोठे होते, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सापडावयास बराच काळ जावा लागला.

सन १७८३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील सॅम्युअल टर्नर भूतानमार्गे तिबेटात गेला. वाटेत एका वाड्यासमोर लाकडी पिंजऱ्यांची ओळ त्याने पाहिली. प्रत्येकात प्रचंड तिबेटी कुत्रे होते, आणि रखवालदार जवळ नसेल तर पिंजऱ्याशी जाणेही धोक्याचे होते. हे जनावर मुळातच असे रानटी, की कोंडून घातल्यामुळे त्याचा स्वभाव नासला, असा प्रश्न टर्नरच्या मनात आला. त्याने तो तसाच ग्रंथात नोंदवला आणि तो पुढे गेला. मला हा प्रवासी या एका शंकेसाठी फार मोठा वाटतो. भयंकर कुत्र्यांची वर्णने मार्को पोलोपासून अनेकांनी केली. तिबेटातले कुत्रे गाढवाएवढे असतात, असे तो सांगतो. परंतु कुत्रा असा का झाला, हे विचारणारे थोडे.

उत्तराचा पहिला धागा पन्नास वर्षांनी दक्षिण अमेरिकेत मिळाला. १८३३ च्या नोव्हेंबरात चोवीस वर्षांचा चार्ल्स डार्विन आजच्या उरुग्वेच्या माळरानावरून घोड्यावर प्रवास करीत होता. तेथे त्याने पाहिले, की माणसाचे घर कोसभर दूर, जवळ कोणी मेंढपाळ नाही, आणि एकदोन कुत्रे मोठा कळप राखीत आहेत. ही मैत्री कशी जमते, याची त्याने चौकशी केली. पिलू अगदी लहान असताना आईपासून तोडतात. दिवसातून तीनचार वेळा मेंढीला धरून त्याला तिचे दूध पाजतात. मेंढवाड्यातच लोकरीचे घरटे करून त्याला निजवतात. दुसऱ्या कुत्र्यांशी किंवा घरातल्या मुलांशी त्याला मिसळू देत नाहीत, आणि बहुधा खच्चीही करतात. मग मोठेपणी मेंढ्या सोडून जाण्याची इच्छाच त्याला उरत नाही. इतर कुत्रे जसे धन्याला राखतात तसा तो मेंढ्यांना राखतो.

यापुढची गंमत डार्विनने मोठ्या रसिकतेने टिपली आहे. हा कुत्रा रोज मांसाचा तुकडा घेण्यासाठी घराकडे येतो, आणि तुकडा मिळताच शरमल्यासारखा अंग चोरून निघून जातो. घरची कुत्री अशा वेळी त्याच्यावर तुटून पडतात; त्यांतले लहानात लहान कुत्रेही त्याचा पाठलाग करते. पण तो एकदा कळपापाशी पोचला, की मागे वळतो, भुंकू लागतो, आणि पाठलाग करणारी सारी फौज शेपूट घालून पळते! भुकेल्या रानकुत्र्यांची टोळीदेखील असा एक राखणदार असलेल्या कळपावर सहसा जात नाही. म्हणजे तोच कुत्रा घराच्या अंगणात भित्रा आणि कळपाशेजारी शूर. त्याच्या उग्रपणाला अशी जागेची आणि सोबतीची चौकट असते. ही चौकट न ओळखता त्याला ‘रागीट’ हे विशेषण लावणे म्हणजे पहारेकऱ्याला भांडखोर म्हणण्यासारखे आहे.

दुसरा धागा प्रयोगशाळेतला. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिच्यातील संशोधकांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपणाच्या आवारात पिलांना माणसाचे दर्शन न घडविता वाढविले. काही पिले दुसऱ्या, काही तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात एकेक आठवडा बाहेर काढून माणसांत ठेवली. काहींना मात्र चौदा आठवडे होईपर्यंत हात लावला नाही. पाचव्या ते नवव्या आठवड्यात ज्यांना माणूस भेटला ती माणसाळली. चौदा आठवडे एकटी राहिलेली पिले रानातल्या जनावरासारखी बुजरी झाली. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात या काळाची मर्यादा साधारण तीन ते बारा आठवडे अशी मांडली. उरुग्वेचे अडाणी पशुपालक नेमका हाच काळ मेंढीच्या कुशीत घालवीत होते! मी ‘अडाणी’ म्हणालो, तो शब्द परत घेतो.

या ज्ञानाचा उपयोग व्हावयास एक राजकीय निमित्त घडले. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर शिकारी जनावरांना विष घालण्यास बंदी केली. कोयोट नावाच्या कोल्ह्यासारख्या जनावराने हैराण झालेले मेंढपाळ नवा उपाय शोधू लागले. मॅसेच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजचे रेमंड कॉपिंजर आणि त्यांच्या पत्नी लॉर्ना यांनी १९७७ मध्ये युरोप व तुर्कस्तान पालथे घातले. इटलीचे मारेम्मा, युगोस्लाव्हियाचे शार्प्लानिनाट्स आणि अनातोलियाचे मेंढवाड्याचे कुत्रे यांची पिले त्यांनी आणली, आणि पुढील वर्षांत हजारावर कुत्री शेतकऱ्यांकडे ठेवून त्यांच्या नोंदी घेतल्या. हा कुत्रा बहुतेक वेळा लांडग्याशी झुंजत नाही. भुंकून, आडवा जाऊन, मध्येच उपस्थित राहून तो शिकाऱ्याचा डाव मोडतो. त्याच सुमारास ॲरिझोनाकडील नव्हाहो लोकांचे कुत्रे अभ्यासले गेले. ते तर कोणत्याच नामांकित जातीचे नव्हते. पिलू कळपात वाढले, एवढेच त्यांचे भांडवल होते. जातीचा वाटा नाही असे नाही, कारण पाठलागाची हौस कमी असावी लागते. पण केवळ जातीच्या कागदावर राखणदार तयार होत नाही.

आता शहरातल्या गृहस्थाकडे वळू. तुर्कस्तानातील कांगाल (नावावर जाऊ नये, सिवास प्रांतातील एका गावावरून ते पडले आहे), कॉकेशसचा किंवा हिमालयाचा केसाळ कुत्रा हौसेने आणला जातो. दोनतीन वर्षांचा होईपर्यंत तो गोजिरवाणा असतो. मग त्याच्यातला पहारेकरी जागा होतो, आणि दूधवाला, पाहुणा, शेजाऱ्याचे मूल यांच्यावर तो गुरगुरू लागतो. घरचे घाबरून त्याला साखळीला बांधतात. टर्नरने पाहिलेला पिंजरा येथे पुन्हा उभा राहतो, आणि शेवटी ते जनावर कोणाच्या तरी गळ्यात घालतात किंवा सोडून देतात. ज्याच्या पदरी ते येते त्याने काय करावे?

पहिली गोष्ट, गेलेले बारा आठवडे परत आणता येत नाहीत, हे मान्य करावे. प्रौढ कुत्र्याचा स्वभाव पालटणे हे काम नव्हे; ‘आपली माणसे’ आणि ‘आपली जागा’ यांची त्याची यादी हळूहळू वाढविणे हे काम आहे. आरंभी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. दुखणाईत कुत्रा चावरा वाटतो. मग भक्कम, उंच कुंपणाचे आवार हवे, साखळी नव्हे. काही आठवडे एकाच माणसाने ठरल्या वेळी खाणे द्यावे, जवळ बसावे आणि उठून जावे. हात लावण्याची घाई करू नये. बैलाला घालतात तसे मुसके घालण्याची सवय खाऊ देऊन, खेळीमेळीने लावावी. नवा माणूस प्रथम घरात आणू नये; त्याची आणि कुत्र्याची भेट बाहेर, त्याच्या राखणीच्या हद्दीपलीकडे, दोरी हातात ठेवून अंतराअंतराने चालत करावी. डार्विनचा कुत्रा कळपापासून दूर नरम होता, हे येथे कामी येते. गुरगुरल्याबद्दल मारू नये. गुरगुरणे ही त्याची सूचना आहे. ती मारून बंद केली, तर कुत्रा सूचना न देता चावतो. आज्ञापालनाची फार अपेक्षा ठेवू नये, कारण माणूस जवळ नसताना स्वतः निर्णय घ्यावा, यासाठीच त्याच्या पिढ्या निवडल्या गेल्या. लहान मुलांसोबत त्याला कधीही एकटे सोडू नये. येथे भीड बाळगण्याचे कारण नाही.

सरकारलाही हा प्रश्न पडला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुपालन खात्याने राज्यांना पत्र पाठवून तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबविण्यास आणि पाळलेल्यांचे निर्बीजीकरण करण्यास सांगितले. त्या यादीत झुंजीसाठी निपजवलेल्या जातींच्या पंक्तीला कांगाल, अक्बाश, शार्प्लानिनाट्स, कॉकेशसचा व मध्य आशियाचा मेंढवाड्याचा कुत्रा, हेही बसविले होते. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नाही, या कारणावरून कर्नाटक आणि दिल्ली या उच्च न्यायालयांनी एप्रिलमध्ये ते पत्र रद्द ठरविले. चावऱ्या कुत्र्यापासून जनतेला संरक्षण हवे, याविषयी वाद नाही. पण झुंजीचा कुत्रा आणि राखणीचा कुत्रा यांना एकाच ओळीत उभे करणाऱ्याने कोलुमेलाचे ते प्रकरण तरी चाळावयास हवे होते.

नामिबियात १९९४ पासून चित्त्यांच्या संवर्धनासाठी काम करणारी संस्था अनातोलियाची पिले शेतकऱ्यांना देते, म्हणजे शेळ्या वाचतात आणि चित्त्यावर गोळी झाडण्याचे कारण उरत नाही. पिलेच देते, प्रौढ कुत्रे नव्हेत. आपल्या घरी आलेला प्रौढ कुत्रा सहाआठ महिन्यांच्या सबुरीनंतरही घराशी जुळत नसेल, तर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शेळ्यामेंढ्या असलेल्या, कुंपण घातलेल्या शेतावर त्याची सोय पाहावी. तेथे प्रथम कळपाशेजारच्या वेगळ्या आवारात त्याला काही आठवडे ठेवतात, मेंढ्या त्याला आणि तो मेंढ्यांना हुंगतो, आणि मग एके दिवशी मधले फाटक उघडतात.