हवानाच्या अंगणातील मोटारी

जुनी मोटार घरी दुरुस्त करीत बसणे हा इतर देशांत बहुधा सवडीचा छंद असतो. क्यूबामध्ये मात्र ती गरज होती, आणि ती दोन सरकारांच्या हुकमांतून निर्माण झाली.

१९५० च्या दशकात हवानाचे रस्ते शेव्हरोलेट, ब्यूइक, डॉज अशा अमेरिकी मोटारींनी गजबजलेले असत. १९५९ च्या जानेवारीत बातिस्ताची राजवट कोसळली आणि कास्ट्रोंच्या अनुयायांनी सत्ता हाती घेतली. ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेने अन्न व औषधे वगळता बहुतेक सर्व निर्यात थांबविली. फेब्रुवारी १९६२ मध्ये उरलासुरला व्यापारही जवळजवळ बंद झाला. मोटारी बेटावर राहिल्या, त्यांचे सुटे भाग समुद्रापलीकडे राहिले.

दुसरा निर्बंध खुद्द क्यूबाच्या शासनाचा होता. क्रांतीनंतर आलेल्या मोटारी सरकारी वाटपाने मिळत आणि मालकाला त्या मोकळेपणाने विकता येत नसत. क्रांतीपूर्वीपासून बेटावर असलेल्या मोटारीची खरेदी-विक्री तेवढी करता येई. हा नियम २०११ मध्ये सैल झाला. तोपर्यंत बापाची जुनी शेव्हरोलेट ही मुलाच्या दृष्टीने घरासारखीच मिळकत होती. ती बंद पडू देणे परवडणारे नव्हते.

अशा मोटारीची परीक्षा तीन प्रश्नांनी सुरू होते : ठिणगी पडते काय, पेट्रोल पोहोचते काय, आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब निर्माण होतो काय? उत्तरे याच क्रमाने शोधली, तर निम्मे इंजिन विनाकारण उघडावे लागत नाही. उष्ण प्रदेशात आणखी एक विकार संभवतो. इंजिनाच्या धगीने नळीतील पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही आणि गाडी भर रस्त्यात थांबते. पंपावर ओले फडके ठेवून थोडा धीर धरणे, हा त्यावरचा जुना उपाय.

सुट्या भागांचा प्रश्न याहून बिकट. शेव्हरोलेटच्या १९५४ पर्यंतच्या मोटारींची विद्युत्‌रचना ६ व्होल्टची होती. १९५५ पासून ती १२ व्होल्टची झाली. पुढे क्यूबात आलेली सोव्हिएत लाडाही १२ व्होल्टचीच. लाडाचे जनित्र जुन्या गाडीला जोडायचे, तर बॅटरीपासून दिव्यांपर्यंत बरेच काही बदलणे भाग असे. जो भाग मिळत नसे, तो लेथवर कातून घेतला जाई. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाला आणि इंधनाची चणचण तीव्र झाली, तेव्हा अनेकांनी मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविले. या मोटारींचा सांगाडा भक्कम आणि बॉनेटखालची जागा ऐसपैस, म्हणूनच हे साधले.

या कौशल्याचे कौतुक करताना त्याची किंमतही ध्यानी घ्यावयास हवी. त्या काळच्या मोटारींत चारही चाकांच्या ब्रेकना तेलाचा एकच मार्ग असे. एक रबरी सील फाटले, की पेडल थेट तळाला टेकते. तेथे जुगाडाची चूक चालकाइतकीच प्रवाशांच्या जिवावर बेतते. आणि यांतील कितीतरी मोटारी भाड्याच्या म्हणून चालत आल्या आहेत.

१९३० मध्ये ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींच्या शौकिनांचा क्लब स्थापन झाला. अशा शौकिनांना मूळ भाग आणि मूळ रंग यांचे अगत्य फार. त्यांच्या मोजमापाने हवानाची मोटार अस्सल ठरणार नाही. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने तिचे बॉनेट अवश्य उघडून पाहावे. अमेरिकी सांगाडा, सोव्हिएत जनित्र, नंतरचे डिझेल इंजिन : त्या बेटाचे साठ वर्षांचे परराष्ट्रसंबंध तेथे एकाखाली एक सापडतात. वॉशिंग्टन आणि हवाना येथील सह्यांचे परिणाम कोणा गृहस्थाला आपल्या अंगणात, हाती पाना घेऊन निस्तरावे लागले, एवढे त्यावरून निश्चित कळते.