सायकल सापडेपर्यंत थांबू नका

साल 1948. तुम्ही रोमच्या पियाझ्झा व्हित्तोरियोतल्या बाजारात उभे आहात. फळ्यांवर सायकलींचे सुटे भाग मांडलेत: सांगाडे, टायर, घंट्या, पंप. एक हडकुळा माणूस आणि त्याचा आठेक वर्षांचा मुलगा एकेक वस्तू निरखत चाललेत. चोरीला गेलेली सायकल सापडली नाही, तर भिंतींवर पोस्टरं चिकटवायची नवी नोकरी गेलीच म्हणून समजा. न राहवून तुम्ही मदतीला पुढे होता, तेवढ्यात समोर कॅमेरा दिसतो आणि ओशाळून मागे सरता.

कॅमेऱ्यापाशी उभे असलेले देखणे गृहस्थ म्हणजे दिग्दर्शक व्हित्तोरियो दे सीका. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पडद्यावर प्रेमगीत गाऊन त्यांनी इटलीला वेड लावलं होतं. या ‘बायसिकल थीव्ज’साठी पैसे मिळवताना त्यांची दमछाक झालीय. अमेरिकी निर्माते डेव्हिड सेल्झनिक तयार होते, पण त्यांना नायक हवा होता कॅरी ग्रँट! इस्त्रीच्या सुटातला ग्रँट सायकलीसाठी रडणार? दे सीकांनी थेट ब्रेडा कारखान्यातला कामगार निवडला, लाम्बेर्तो माज्जोरानी. पुढे कारखान्यातून त्याची नोकरी गेली आणि सिनेमातही त्याचा जम बसला नाही. गरिबीवरच्या या चित्रपटाची किंमत सर्वांत जास्त त्यानेच मोजली.

आता जानेवारी 1952 मध्ये या, तेही मुंबईत. भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरलाय आणि दिग्दर्शक बिमल रॉय ‘बायसिकल थीव्ज’ पाहताहेत. पुढच्याच वर्षी त्यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये बलराज साहनी कोलकात्याच्या रस्त्यांवर रिक्षा ओढताना दिसतील.

त्याच महिन्यात इटलीत दे सीकांचा ‘उंबेर्तो डी.’ लागलाय. तुटपुंज्या पेन्शनवर जगणारा म्हातारा, त्याचा कुत्रा आणि थकलेलं खोलीचं भाडं, एवढीच गोष्ट. म्हाताऱ्याच्या भूमिकेत भाषाशास्त्राचे प्राध्यापक कार्लो बातिस्ती. थिएटरं रिकामी. वर सरकारातले ज्युलिओ आंद्रेओत्ती जाहीरपणे खडसावतात की, असे चित्रपट जगात देशाची बदनामी करतात. (हा सूर आपल्याही ओळखीचा आहे.)

दे सीकांची नंतरची वर्षं भराभर मागे टाका. जुगाराचा नाद, पैशांसाठी दुसऱ्यांच्या चित्रपटांतल्या भूमिका, सोफिया लॉरेनला ऑस्कर मिळवून देणारा ‘टू विमेन’, मग 1970 चा ‘गार्डन ऑफ द फिंझी-काँतिनिस’. 1974 मध्ये दे सीका गेले. परभाषी चित्रपटांसाठीचा ऑस्कर सन्मान त्यांच्या चार चित्रपटांना मिळाला. त्यांत ‘उंबेर्तो डी.’ नाही. माझ्या मते तोच त्यांचा सर्वांत मोठा चित्रपट. ‘बायसिकल थीव्ज’ पाहून झाला असेल, तर आता तो बघा.