दुरुस्त करण्याआधी वाचा: एका जुन्या कृत्रिम क्षितिजाची गोष्ट

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकला जाताना शहराच्या थोडं आधी ओझर लागतं. आमच्या खान्देशात ओझर म्हणजे 'मिगचा कारखाना'. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ बद्दल करार झाला. त्यातून हिंदुस्थान एरोनॉटिक्सची कामं तीन ठिकाणी वाटली गेली: विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. हा उत्पादनाचा इतिहास पुस्तकांत सापडतो. पण कॉकपिटमधलं एखादं उपकरण बिघडलं तर ते कोणी उघडलं, आत काय बदललं, हे तिथे क्वचितच असतं. मग ते शोधायचं कुठे? माझं उत्तर: उपकरणातच.

तर झालं असं, की भंगारातून फिरत फिरत एक सोव्हिएत बनावटीचं कृत्रिम क्षितिज माझ्या टेबलावर आलं. ढगात शिरल्यावर वैमानिकाला वर-खाली कळेनासं होतं. तेव्हा विमान किती कललंय, नाक वर आहे की खाली, हे हे उपकरण दाखवतं. आपल्याला चित्रांतून माहीत असलेल्या पाश्चात्त्य उपकरणात क्षितिजरेषा कलते. सोव्हिएत पद्धतीत बहुतेक वेळा छोटं विमानच डावी-उजवीकडे कलतं. माझ्याकडचं तसंच आहे.

आत भोवरा नाही. तो विमानात दुसरीकडे, वेगळ्या डब्यात असतो. भोवऱ्याचा कोन सिंक्रो नावाच्या छोट्या फिरत्या ट्रान्सफॉर्मरमधून तीन तारांवरच्या व्होल्टेजच्या रूपात इकडे येतो. इथे दुसरा सिंक्रो त्या कोनाची तुलना काट्याच्या कोनाशी करतो. फरक असला तर ॲम्प्लिफायर तो मोठा करतो आणि फरक शून्य होईपर्यंत लहानशी मोटर काटा फिरवते. पूर्ण मामला एवढाच.

आता वीज कुठून आणायची? त्या काळच्या सोव्हिएत विमानांत अशा उपकरणांना ३६ व्होल्ट, ४०० हर्ट्झ, थ्री-फेज वीज मिळे. वारंवारता जास्त असली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी लहान, हलक्या करता येतात. जळगावात शेतपंपांच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्या एका काकांना मी हे सांगितलं. ते हसले. "काय भो, इथं केळीवाल्याला पन्नास हर्ट्झची थ्री-फेज धड मिळत नाही, तू चारशेची कुठून आणशील?" पण पुढे त्यांनीच बजावलं: ३६ व्होल्ट मिळाले म्हणून ५० हर्ट्झवर लावू नकोस, गाभा भरून जाईल, करंट वाढेल आणि वाइंडिंग जळेल. पुस्तकात मी हे वाचलं होतं. काकांनी जळालेली मोटर हातात दिली, तेव्हा ते कळलं.

आणखी एक सावधगिरी. जुन्या उपकरणांच्या आकड्यांवर अनेकदा रेडियमचा चमकणारा रंग असे. चमक काही वर्षांत जाते, पण रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. म्हणून आधी भौतिकशास्त्राच्या एका मित्राकडून काउंटरने तपासून घेतलं. तरीही काचेची बाजू उघडली नाही, फक्त मागचं झाकण काढलं. झिजलेल्या रंगाची धूळ श्वासात जाणं, हा त्यातला मोठा धोका.

इथेच मी चूक केली. स्क्रूंच्या डोक्यांवर लाल लाखेचे ठिपके होते. मला वाटलं, मळ आहे. स्पिरिटने पुसून टाकले. नंतर लक्षात आलं, तपासणी झाल्यावर तंत्रज्ञ असे ठिपके लावतात. ठिपका अखंड असेल तर कोणी उघडलेलं नाही. तुटून पुन्हा लावलेला असेल तर उघडलेलं आहे. एकच थर होता की दोन, हे मी फोटो काढण्याआधीच पुसलं. कागदपत्रांच्या भाषेत सांगायचं तर दस्ताच्या शेवटच्या पानावरचा शिक्काच मी खोडला!

नशिबाने आत अजून पुरावा होता. सोव्हिएत सुट्या भागांवर बऱ्याचदा महिना रोमन अंकात आणि वर्ष दोन आकडी छापलेलं असतं. इथे सगळे भाग १९६८ चे. ॲम्प्लिफायरमधला एकच कपॅसिटर वेगळा, त्यावर इंग्रजी अक्षरं, आणि डाखही जास्त चकचकीत. म्हणजे १९६८ नंतर कोणीतरी हे उघडलं, मूळ भाग हाताशी नसल्याने दुसरा बसवला आणि उपकरण पुन्हा चालू केलं. एवढंच म्हणता येतं. 'हे ओझरला दुरुस्त झालं' असं लिहायचा मोह मला खूप झाला. पण कपॅसिटर तसं काहीच सांगत नाही.

आता पेच असा: तोच कपॅसिटर आज सुकलाय. तो बदलला तर काटा चालेल, पण त्या अनाम कारागिराची एकुलती एक खूण जाईल. मी तो जागेवरच ठेवला. त्याचं एक टोक सोडवलं आणि नवा कपॅसिटर बाहेरून जोडला. उद्या कोणाला वाटलं तर माझं काम काढून टाकता येईल. ४०० हर्ट्झची वीज आणि सिंक्रोचे सिग्नल टेबलावरच तयार केले, व्होल्टेज हळूहळू वाढवलं. काटा आधी थरथरला, मग स्थिर झाला.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. त्या पिढीची उपकरणं आता भंगारात आणि हौशी लोकांच्या हातात येत राहतील. तुमच्या हाती एखादं आलं, तर स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी कॅमेरा घ्या. प्रत्येक थराचा फोटो काढा, काढलेला भाग तारीख लिहून पिशवीत ठेवा, आणि काय बदललं, का बदललं, ते वहीत लिहा. ती वहीसुद्धा उद्या कोणाचं तरी साधन असेल. माझ्या वहीचं पहिलं पान त्या पुसलेल्या लाल ठिपक्यांबद्दल आहे.